शेलूबाजार ते मंगरूळपीर, उलटं

प्रसिद्धीसाठीच जन्माला आलेला आणि तिनं दर वेळी दारातूनच परत पाठवलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे शेलूबाजारातले आमच्या शेजारचे टेलर चाचा. शर्ट कुणाचाही असो, कॉलरच्या आत ते आपल्या नावाचं लेबल शिवत. "अर्धा तालुका माझं नाव मानेवर घेऊन फिरून राह्यला," असं ऐटीत सांगत. पण कॉलर उलटून पाहणारा कुणी त्यांना भेटला नाही. एकदा त्यांनी आगपेटीत मावेल एवढा कुर्ता शिवला, बटणांसकट. तो पेपरवाल्याला दाखवायला निघाले, तर वाटेत कुणीतरी विडी पेटवायला आगपेटी मागितली आणि खिशात घालून चालता झाला. गावातल्या प्रत्येक उद्घाटनाच्या फोटोत ते उभे असत, पण छापून येताना कडेला त्यांचा निम्मा कान तेवढा उरे.

साठीनंतर त्यांनी मोबाईलवर कुठल्याशा देशातला उलटा चालणारा माणूस पाहिला आणि ठरवलं, मंगरूळपीरपर्यंत उलटं चालत जायचं. विक्रम करायचा.

"काहून पन?" चाचीनं विचारलं.

"सरळ तं सगळेच जातेत."

सरावाच्या पहिल्याच सकाळी ते नालीत पडले. मग चाची त्यांच्या समोरून चालू लागली, तीन-चार हातांवरून त्यांना रस्ता सांगत. "खड्डा हाये... थांबा, म्हैस जाऊ द्या." इतकी वर्षं एक मशीनवर वाकलेला, एक चुलीपुढं, एवढा वेळ समोरासमोर ते कधी आलेच नव्हते. चाचा मला हळूच म्हणाले, "बेटा, तिच्या हनुवटीवर तीळ हाये. मले मालूमच नव्हतं." चाची लाजून ओरडायची, "रस्त्याकडं पाहा!" आणि चाचा म्हणायचे, "रस्ता तुले पाहाचा हाये. मले तं तूच दिसतं."

विक्रमाच्या दिवशी यायचं कबूल केलेला बातमीदार आलाच नाही. चाचीच्या मागून मोटरसायकलवर मी शूटिंग करत होतो, तर अर्ध्या वाटेत माझा मोबाईल बंद पडला. ते दोघं मंगरूळपीरला पोचले, स्टँडवर चहा प्याले आणि एसटीनं परत आले. पुरावा अपुरा म्हणून विक्रम नामंजूर झाला. चाचांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. ते मला फार लागलं.

पुढच्या वर्षी चाची गेली.

त्यानंतर तो अर्धा व्हिडिओ मी सहज इंटरनेटवर टाकला आणि तो हजारोंनी पाहिला. वाशीमहून एक माणूस कॅमेरा घेऊन आला. प्रसिद्धी स्वतःच्या पायानं दारात आली होती. चाचांनी इस्त्रीचा कुर्ता घातला, रस्त्यावर मंगरूळपीरकडं पाठ करून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले.

"चाला ना, चाचा."

"समोर कोन चालंल?"

त्याला ती गंमत वाटली. "मी चालतो की!" तो म्हणाला. चाचांनी त्याला चहा पाजला, शर्टाचं माप घेतलं आणि वाटेला लावलं.

संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. "तो व्हिडिओ लाव. आवाज वाढव जरा." त्यात चाचीची फक्त पाठ दिसते, पण आवाज स्पष्ट येतो. "कडंले व्हा, कडंले! मांगून जीप येऊन राह्यली."

ओट्यावर बसल्या जागी चाचा थोडे बाजूला सरकले.