हिराकाकी आमच्या घरी बसून गेली

भुतांच्या कादंबऱ्यांच्या पैशांतून आमच्या मुरबाडच्या घरावर स्लॅब पडला, आणि तरीही त्या घरात भुतांवर कोणाचा विश्वास नव्हता... लिहिणाऱ्याचा तर अजिबातच नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, टोकावड्याकडच्या एका गावात प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि टोपणनावाने भयकथा लिहायचे. एसटी स्टँडवर आणि वाचनालयांत चालणाऱ्या छोट्या कादंबऱ्या. टोपणनाव सांगत नाही, काहींना वर्णनावरून कळेलच. शाळेत असताना मी त्यांची हस्तलिखितं फेअर करून द्यायचे. मध्येच मान वर करून "अण्णा, किंकाळीची पहिली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ?" असं विचारायचे. अशा घरात भीती कुठून शिवणार?

त्यांची पात्रं मात्र लोकांच्या लक्षात राहायची. मेल्यावरही दवंडी देत फिरणारा कोतवाल होता, विहिरीच्या पायऱ्या मोजत बसणारी मुलगी होती. पण सगळ्यांत गाजली ती हिराकाकी. सात कादंबऱ्यांत आली. साठीची बाई, हिरव्या काठाचं पांढरं लुगडं, डाव्या कानाची पाळी फाटलेली आणि डाव्या हाताची बोटं कायम ओली, नुकतेच तांदूळ धुतल्यासारखी. ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलंय तिथे ती दुपारची यायची आणि दारातून विचारायची, "जरा बसू का?" घरातलं कोणी हो म्हणालं की आजाऱ्याच्या उशाशी बसायची. ती उठून गेली की ते माणूस पुन्हा उठायचं नाही. एका वाचक बाईंचं पत्र आलं होतं — तुमचं पुस्तक वाचल्यापासून दारी आलेल्या बाईला 'बसा' म्हणायचा धीर होत नाही! अण्णा ते वाचून पोट धरून हसले होते.

आता गेल्या वर्षीचं सांगते.

अण्णांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घशातून नुसतं "हं" यायचं. आई आधीच गेलेली, म्हणून मी त्यांना मुरबाडहून आमच्याकडे शहापूरला आणलं. आसनगाव रोडला दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. माझे मिस्टर सुधीर पहाटे सहाला स्टेशन गाठतात, घरी यायला रात्रीचे नऊ. मुलगा पुण्याला. अण्णांना सांभाळायला येणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि परत आलीच नाही. मी एका कॉलेजच्या ऑफिसात आहे, तिथे रजा टाकली.

ज्यांनी हे केलंय त्यांना सांगायला नको. पाठीला बेडसोर, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्रीही. डायपर, पेज, औषधं, ओल्या चादरी. दोन महिन्यांत सलग तीन तास झोपलेलं मला आठवत नाही. एकदा मिठाच्या बरणीत चहा पावडर ओतली आणि त्याच्याकडे बघत किती वेळ उभी राहिले कोण जाणे. राग येत नव्हता, रडू येत नव्हतं... नुसता थकवा.

तो मंगळवार होता. दुपारी अडीचच्या सुमाराला कोणीतरी ग्रिल वाजवलं. दारात एक म्हातारी बाई.

"मास्तरांना बगाया आले गो. मुरबाडच्या अंगाची मी."

अण्णांचे जुने विद्यार्थी, गाववाले अधूनमधून यायचेच. मी नीट बघितलंही नाही. ग्रिल उघडलं.

"जरा बसू का?"

"बसा ना काकी," मी म्हटलं. सवयीने ग्रिलला कुलूप लावून किल्ली गाऊनच्या खिशात टाकली, त्यांना अण्णांची खोली दाखवली आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. आधण येईपर्यंत ओट्याला टेकून खाली बसले.

जाग आली तेव्हा पावणेसहा वाजले होते.

धडपडत उठले. गॅस बंद होता. पळत अण्णांच्या खोलीत गेले तर ते कुशीवर झोपलेले, तेही डाव्या, म्हणजे बरोबर त्या वेळेला पाहिजे त्याच कुशीवर. चादर बदललेली. जुनी चादर बादलीत भिजवलेली. स्टुलावर वाटीत तळाशी थोडी पेज. हात लावून बघितलं तर नाचणीची. आमच्या घरात नाचणी नसते हो, कोणी खातच नाही. आणि ती बाई नव्हती. ग्रिलला कुलूप, किल्ली माझ्या खिशात.

मी घाबरायला पाहिजे होतं. पण खरं सांगते, तीन तास झोप झाली होती... डोकं इतकं हलकं वाटत होतं की बाकी कशाचा विचार करायची इच्छाच झाली नाही. कुलूप आपणच उघडून तिला सोडलं असेल आणि विसरलो असू, असं ठरवून मोकळी झाले.

शुक्रवारी ती परत आली. तीच वेळ.

या वेळी मी बघितलं. हिरव्या काठाचं पांढरं लुगडं. डाव्या कानाची फाटलेली पाळी. आणि ग्रिलच्या गजावर टेकलेल्या डाव्या हाताच्या बोटांतून पाणी ठिबकत होतं, खाली लादीवर. हे वर्णन मी माझ्या हाताने सात वेळा फेअर केलं होतं. आतून अण्णांचं "हं" ऐकू आलं.

"जरा बसू का गो?"

मला माहीत होतं हो म्हटलं की पुस्तकात काय होतं. माझे वडील आत होते. आणि तरी मी कुलूप उघडलं आणि म्हटलं, "बसा."

का? कारण ती दारात उभी असतानाच माझे डोळे मिटत होते. याहून दुसरं कारण माझ्याकडे नाही.

त्या दिवशी मी बेडरूममध्ये जाऊन चक्क पलंगावर झोपले. संध्याकाळी उठले तर सगळं पुन्हा तसंच... चादर, पेज, कूस. अण्णा शांत झोपलेले. हॉलमध्ये लादीवर ओल्या बोटांचे ठसे, वाळत आलेले.

समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींचं दार दुपारभर उघडंच असतं. त्यांना विचारलं, "मघाशी माझ्याकडे आलेली बाई जाताना दिसली का?"

"कोन बाई?" त्या म्हणाल्या. "मी हितंच गहू निवडत व्हते. तू ग्रिल उघडून एकटीच बोललीस न् आत गेलीस. मला वाटलं कानाला फोन लावलाय. बरं नाय का गो तुला?"

शनिवारी डॉक्टर अण्णांना तपासायला आले. पाठ बघून म्हणाले, "जखम भरतेय. ड्रेसिंग छान केलंय, कोण करतं?" मी हळूच सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, इतक्या जागरणाने माणूस कामं करतं आणि नंतर त्याला आठवत नाही. हे सगळं तुम्हीच करत असणार. आधी कोणीतरी मदतीला बघा." मला ते पटलं. खरंच पटलं. फक्त नाचणी कुठून आली, ते मी त्यांना विचारलं नाही.

पुढच्या मंगळवारी ती आली तेव्हा मी झोपायचं नाही असं ठरवलं होतं. तिला आत सोडलं आणि खोलीबाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. दार लोटलेलं होतं. आतून वाटीत चमचा फिरल्याचा आवाज येत होता. आणि मग मला अण्णांचा आवाज ऐकू आला. 'हं' नव्हे, पूर्वीचा, वर्गात शिकवायचे तसा स्वच्छ आवाज.

"तुला मी फार वाईट लिहिली," अण्णा म्हणाले.

"लिवलीत खरी," ती म्हणाली. "कोनी दारात उबी करत नाय."

"मग इथे कशी आलीस?"

"तुमची पोर बस म्हनली ना."

अण्णा म्हणाले, "ती दमलीय फार."

"दिसतंय. तुमी पेज घ्या."

मी दार ढकललं नाही. आत काय दिसेल याची भीती होती म्हणून नाही... ढकललं तर तो आवाज बंद होईल, म्हणून. तिथेच खाली बसले आणि बसल्या बसल्या झोपले.

रात्री सुधीर आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. लग्नाआधी त्यांनीही हिराकाकीची पुस्तकं वाचली होती. ताट बाजूला सारून म्हणाले, "हे बघ, तू थकलीयस, हे एक. आणि समजा तसं नसेल... तर पुस्तकात शेवट काय असतो ते तुला माहितीय. परत आली तर आत घेऊ नको. मला शब्द दे." मी दिला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोनाफोनी करून वासिंदची एक बाई ठरवली, सोमवारपासून यायला.

शुक्रवारी अडीचला ग्रिल वाजलं.

मी कुलूप उघडलं नाही. आतूनच म्हटलं, "आज नको, काकी."

ती रागावली नाही. चेहऱ्यावर काहीच आलं नाही. नुसतं म्हणाली, "बरं," आणि जिन्याकडे वळली. उतरतानाची पावलं मला ऐकू आली नाहीत.

मी अण्णांच्या खोलीत आले. ते दाराकडे बघत होते. माझ्याकडे बघून "हं?" असं म्हणाले, प्रश्न विचारल्यासारखं. मी म्हटलं, "कोणी नव्हतं अण्णा." आयुष्यात मी त्यांच्याशी फारसं खोटं बोलले नाही, हे शेवटचं. पेज भरवायला गेले तर त्यांनी तोंड उघडलं नाही. पाच वाजता कूस बदलायला हात लावला तेव्हा ते गेले होते.

पुस्तकांत ती बसली की माणूस जायचं. आमच्याकडे ती तीनदा बसली आणि जखम भरत आली. मी बसू दिलं नाही त्याच दिवशी माणूस गेलं. डॉक्टर म्हणतात, दुसरा अटॅक होता, कधीही आला असता. सुधीर म्हणतात, बरं झालं ती परत आली नाही, निदान शेवटी तू जवळ होतीस. दोघांचंही बरोबर असेल. मी वाद घालत नाही.

ती शुक्रवारी आली होती, हे मी सुधीरना अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं ती आलीच नाही. अण्णांना उचलायच्या आधी लोकांनी विचारलं, शेवटी काही बोलले का? तेव्हाही नाही म्हटलं. आज पहिल्यांदा लिहितेय, इथे मला कोणी ओळखत नाही म्हणून.

ती कोण होती? मला माहीत नाही. आता रजा संपली, कॉलेज सुरू झालं. रात्री कोणी उठवत नाही. आठ-आठ तास झोपते आणि सकाळी उठते तेव्हा झोपताना जितकी दमलेली असते, तितकीच दमलेली असते.