आतली खोली

आमच्या केबिनला खिडकी नव्हती, पण पडदा होता.

चांगला जाड, मरून रंगाचा, पार जमिनीपर्यंत लोंबणारा. तो ओढायला बाजूला सोनेरी दोरीसुद्धा होती. बोट आलिशान होती (तसं बोटीवर जागोजागी लिहिलेलंच होतं) आणि आम्ही तिच्यातल्या सगळ्यात स्वस्त खोलीचे प्रवासी होतो. गोदाआत्यानं आत शिरल्या शिरल्या ती दोरी ओढली. पडदा सरसर बाजूला झाला. मागं भिंत होती.

आत्यानं भिंतीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"पोरी, भिंत हाय गं."

"हो आत्या."

"मंग समुद्र कुठाय?"

"भिंतीच्या पलीकडं."

(हेही खरं नव्हतं. भिंतीच्या पलीकडं दुसरी केबिन होती आणि तिच्या पलीकडं तिसरी. समुद्राचा नंबर त्यानंतर लागत होता.)

आत्या पलंगावर बसली, गादी दाबून बघितली आणि म्हणाली, "बरं हाय. ऊन तरी येणार न्हाय."

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

गोदाआत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. आमचं घर तेरला, शेतीचं. मला इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं तेव्हा पप्पांनी धाराशिवला एक खोली भाड्यानं घेतली आणि माझ्यासोबत राहायला आत्या आली. माझी दहावी होईपर्यंत ती तिथंच राहिली. डबे तिनं केले, वेण्या तिनं घातल्या. मी इंग्रजी कविता पाठ करायचे तेव्हा ती समोर बसून ऐकायची आणि मधेच म्हणायची, "हितं चुकलीस." भाषा कळत नसताना ती चूक बरोबर पकडायची, कारण चुकताना माझा आवाज बारीक होतो.

या सगळ्याच्या बदल्यात तिनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, तीही टीव्ही बघता बघता. "एकदा समुद्र बघायचाय. पाण्यात जायचं न्हाय, फोटो काढायचा न्हाय. निवांत बसून बघायचाय." बसून, कारण तिचे गुडघे. मला पुण्यात नोकरी लागली, पहिली मोठी सुट्टी मिळाली, आणि मी ठरवलं की आत्याला बसून समुद्र दाखवायचा. तेवढं एकच काम माझ्याकडं होतं.

ते बिघडलं बुकिंगच्या दिवशीच. मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरून कोचीला टेकायचं आणि परत यायचं, अशी सहल होती. मी पप्पांना फोन लावला. पलीकडं स्पीकरवर आत्याही होती.

"तीन प्रकारच्या खोल्या आहेत," मी म्हणाले. "एक आतली, एक समुद्राच्या बाजूची आणि एक बाल्कनीची."

"आतली स्वस्त का महाग?" पप्पांनी विचारलं.

"आतली सगळ्यात स्वस्त."

"म्हंजे आतल्या खोलीला कमी आन् ओसरीला जास्ती? येड्यात काढायलेत लोकायला."

"आतलीच घे पोरी," आत्या म्हणाली. "बाहेरच्या खोलीत येणारं-जाणारं लई. निवांत बसू देत न्हायत."

आमच्या तेरच्या घरात आतली खोली म्हणजे मानाची. धान्य तिथं, देव तिथं, दुपारची झोप तिथं. बाहेरची खोली पाहुण्यांना आणि पावसात भिजलेल्या कुत्र्याला. त्यामुळं या दोघांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चुकलं माझं. मी इतकी वर्षं इंग्रजी शाळेत गेलेली, 'इंटिरिअर' हा शब्द व्यवस्थित वाचलेला, आणि तरी समाधानानं त्याचं मराठी करून बसले. शिवाय बुकिंगच्या साइटवर त्या खोलीच्या फोटोत पडदा दिसत होता. पडदा आहे म्हणजे मागं खिडकी असणार, असा मी विचार केला. माझ्या जागी कुणीही केला असता. (बोटीवरच्या बाकी कुणीच केला नव्हता.)

तर, भिंत बघून झाल्यावर मी म्हणाले, "आत्या, आपण वर डेकवर बसू. तिथून सगळा समुद्र दिसतो."

वर समुद्र होता, पण बसायला जागा नव्हती. खुर्च्या भरपूर होत्या आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक टॉवेल बसलेला होता. माणसं पोहायच्या तलावात होती, जागा टॉवेलांनी धरल्या होत्या. एवढा मोठा समुद्र बाहेर असताना ही माणसं बोटीच्या आत पोहत होती, हे आत्याला शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांचे पोहण्याचे कपडे बघून तिनं स्वतःचा पदर डोक्यावरून पुढं ओढला. त्यांच्या वतीनं.

"ढोकीच्या साखर कारखान्यायवढी हाय बोट," कठड्याला धरून उभी राहत ती म्हणाली. "धुराडं बी हाय."

जरा वेळानं ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार द्यायला लागली. मग म्हणाली, "चल खाली. झाला बघून."

झाला बघून. उभ्यानं. गुडघे दाबत.

खाली आल्यावर मी जाहीर केलं, "मी त्यांच्याशी बोलते. खिडकीचं काहीतरी करायला लावते."

"बोल की," आत्या म्हणाली. "तुला तर फाडफाड इंग्रजी येतं."

इथं एक खुलासा केला पाहिजे. मला इंग्रजी येतं ते कागदावर. ऑफिसात मी इतके कडक ईमेल लिहिते की लोक मला उंच समजतात. पण समोर जिवंत माणूस उभा राहिला की माझं इंग्रजी दप्तर उचलून घरी जातं. रिसेप्शनच्या रांगेत मी वाक्य घोकत उभी राहिले. नंबर आला. पलीकडची मुलगी छान हसली. मी विचारलं, "पिण्याचं पाणी कुठं आहे?" पाणी तिथंच, माझ्या कोपराशी होतं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा जेवणाची वेळ विचारली. (मी नुकतीच जेवून आले होते.)

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिसऱ्यांदा निघाले. "आज बोलूनच येते. तू केबिनमध्ये जाऊन पड. सापडेल ना?"

"सापडंल की. चपला दिसल्या की आपली खोली."

कारण आत्यानं पहिल्याच दिवशी चपला दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या आणि ती सगळ्या बोटीवर अनवाणी फिरत होती. एवढी मऊ सतरंजी अंथरलेली असताना त्यावर चपला घालून जायचं म्हणजे तिच्या मते शुद्ध अडाणीपणा होता.

मी रिसेप्शनवर गेले, या वेळी कोची कधी येणार ते विचारलं आणि परत आले. दाराबाहेर चपला नव्हत्या. दार उघडलं तर चपला आत होत्या. साफसफाईवाल्यानं त्या उचलून पलंगाच्या पायथ्याशी नीट जोडून ठेवल्या होत्या. आत्या नव्हती.

पहिल्यांदा मी बाथरूममध्ये बघितलं. मग पडद्यामागं बघितलं. (घाबरलेला माणूस कुठंही बघतो.) मग मी पळत सुटले. आमच्या मजल्याच्या त्या लांबलचक बोळात सगळी दारं सारखी, आणि एकाही दाराबाहेर चपला नाहीत. म्हणजे ती चपला शोधत शोधत किती लांब गेली असेल? ती बोट संपेपर्यंत चालत राहणाऱ्यांतली बाई आहे!

शेवटी ढकलगाडी घेऊन चाललेला साफसफाईवाला दिसला आणि मला बोलावंच लागलं. "माझी आत्या हरवली आहे. साडी नेसली आहे."

"कशी साडी?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

इरकलीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आजही माहीत नाही. मी म्हणाले, "पायात काही नाही."

"ओ," तो म्हणाला, "अनवाणी मॅडम! वरच्या मजल्यावर."

वरच्या मजल्यावर एका दाराबाहेर चपलांचा एक जोड होता. दार उघडंच होतं. आत आमच्यासारखाच पलंग, आमच्यासारखाच मरून पडदा. फक्त पडदा बाजूला केलेला आणि मागं भिंत नव्हती. मागं बाल्कनी होती, बाल्कनीत दोन खुर्च्या होत्या, आणि त्यातल्या एकीवर माझी आत्या मांडी घालून बसली होती. समोर सगळा समुद्र. दुसऱ्या खुर्चीवर पांढऱ्या केसांच्या, चष्मा लावलेल्या एक बाई धपाटं खात होत्या. धपाटी आत्याच्या पिशवीतली. ती पिशवी ती कुठंच सोडत नाही.

मला बघितल्यावर आत्याचा चेहरा असा फुलला की मी तो तसा पूर्वी फक्त माझ्या दहावीच्या निकालाला बघितला होता.

"बोललीस ना? मला ठावं होतं तू बोलशील. बघ, भिंत काढली त्यायनी."

"आत्या—"

"लाकडाची आसंल. सरकवली. आन् ह्या बाई बसायला आल्यात. बसा म्हणलं, आपल्याला काय जागा कमी हाय?"

मी बाईंकडं वळले आणि जमेल तितक्या बारीक आवाजात माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्या कोइंबतूरच्या होत्या. (चपला दाराबाहेर काढायची रीत तिकडंही आहे, हे मला त्या दिवशी कळलं.) त्या इंग्रजीत जे म्हणाल्या त्याचा अर्थ असा, "दार नीट लागलं नसावं. मी आंघोळ करून बाहेर आले तर ह्या बसलेल्या. ही तुमची खोली का, विचारलं, तर 'यस' म्हणाल्या. इतक्या खात्रीनं म्हणाल्या की मी दारावरचा नंबर बघून आले. चहा घेणार का विचारलं, 'यस'. मग यांनी मला बसायला सांगितलं. मी बसले."

'यस' हा आत्याचा एकुलता एक इंग्रजी शब्द. शाळेच्या पालकसभांना तिनं तो वर्षानुवर्षं वापरला आणि त्यामुळं माझं नाव दर साली वक्तृत्व स्पर्धेत लागायचं.

"माझे मिस्टर दिवसभर पत्ते खेळतात," बाई पुढं म्हणाल्या. "मी इथं एकटीच असते. यांना रोज येऊ दे. तूही बसतेस का?"

आता, आमच्याकडं कुणी 'बसा' म्हटलं की आधी 'नको' म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा आग्रह झाला की 'नको, कशाला' म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा बसायचं असतं. मी अत्यंत नम्रपणे, स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "नो, थँक यू."

बाईंनी एकदाच विचारलं.

"बरं," असं म्हणून त्यांनी दुसरं धपाटं घेतलं. माझ्यासमोर सबंध अरबी समुद्र होता आणि मला उलट पावली दाराबाहेर पडावं लागलं.

संध्याकाळी खाली आल्यावर मी आत्याला खरं काय ते सांगून टाकलं. भिंत कुणी काढली नव्हती. मी रिसेप्शनला खिडकीबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. ती खोली त्या बाईंची होती.

आत्यानं पिशवी उचलून पलंगाखाली सरकवली. मला वाटलं, आता हिला लाज वाटणार आणि ही उद्यापासून वर जाणार नाही. म्हणजे उरलासुरला समुद्रही मीच घालवला.

"त्यांचीच खोली," ती हळूच म्हणाली, "आन् मीच त्यायला म्हणलं बसा."

"हो."

"आन् त्या बसल्या."

"हो."

मग आत्याचे खांदे हलायला लागले. मी घाबरून जवळ गेले, तर ती तोंडाला पदर लावून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पुसून झाल्यावर म्हणाली, "उंद्या कवा बलावलंय?"

उरलेले सगळे दिवस आत्या वर होती. सकाळी पिशवी घेऊन जायची ती जेवायलाच खाली. एकीला तमिळ, एकीला मराठी, मधे एक 'यस'. दोघींनी काय गप्पा मारल्या देव जाणे, पण आत्याला त्या बाईंच्या सुनेचा स्वभाव तपशिलानं माहीत झाला होता. मी खाली आतल्या खोलीत पडून असायचे. आग्रहाची वाट बघत.

तेरला परत आल्यावर शेजारच्या काकू चौकशीला आल्या. आत्या ओसरीवर पाय लांब करून बसली होती.

"कशी हुती वो खोली, गोदाक्का?"

मी भांडी आवरायच्या निमित्तानं आत सटकायला लागले.

"एक नव्हं, दोन हुत्या," आत्या शांतपणे म्हणाली. "खाली आतली, झोपायला. वर बाहेरची, बसायला. बसून बघितला समदा समुद्र, गुडघा म्हणून दुखला न्हाय. समदं ह्या पोरीनं केलं. एकटीनं जाऊन बोलायची तिथल्या सायबासंगं."

मी वळून आत्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती.

"व्हय गं?" काकूंनी मला विचारलं. "इंग्रजीत बोललीस?"

मी मान खाली घातली. आमच्या तेरमध्ये त्याला विनय म्हणतात.