जयेशभाईंची न हलणारी गाडी

“मॅडम, दुकानासमोरचं पार्किंग काढलं तर आमची वाट लागली समजा,” जयेशभाई म्हणाले आणि भोवतीच्या सगळ्या माना डोलल्या.

मीटिंग त्यांच्याच दुकानात होती. बोरीवली पश्चिमेच्या एका बाजाररस्त्यावर त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. व्यापारी असोसिएशनचे अध्यक्षही तेच. आम्ही सगळे कुकर आणि पिंपांच्या मधे स्टुलं टाकून बसलो होतो. माझ्या मांडीवर ड्रॉइंगची गुंडाळी होती.

माझं काम रस्ते आखायचं. पूल-बिल नाही. बाजारात माणसं कुठून चालतील, गाड्या कुठे थांबतील, झाड कुठे आणि दिव्याचा खांब कुठे, एवढंच. यात डिझाइन काय करायचं असतं, असं लोक विचारतात. मी त्यांना आईचा हात धरून स्वतःच्याच स्टेशनरोडवर एक चक्कर मारायला सांगते.

इथे फुटपाथ होता, पण त्यावर दोन चाकं चढवून ओळीने गाड्या उभ्या असायच्या. चालणाऱ्याने उतरून रस्त्यातून जायचं. आमच्या धंद्यात ‘क्लिअर विड्थ’ म्हणतात, म्हणजे मधे काहीही आडवं न येता चालायला उरलेली रुंदी. इथे ती शून्य होती. आम्ही फुटपाथ रुंद करणार होतो आणि गाड्या बाजारामागच्या पार्किंगला पाठवणार होतो. वॉर्ड ऑफिसची एकच अट होती: असोसिएशनची संमती आणा, नाहीतर हे काम दुसऱ्या रस्त्याला जाईल.

“मागचं पार्किंग दोन मिनिटांवर आहे,” मी म्हटलं.

“गिऱ्हाईक दोन मिनिटं चालत नाही, मॅडम.”

मीटिंग तिथेच आटोपली. सगळे गेले. मी गुंडाळी बांधत होते तेव्हा माझं गल्ल्याकडे लक्ष गेलं. तिथे जयेशभाईंच्या पत्नी हंसाबेन बसल्या होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताने सुट्टे मोजत होत्या.

“हात कशाने मोडला?” मी विचारलं.

“रिक्षाने. दुकानातून निघाले, गाडीला वळसा घालून रस्त्यावर आले आणि आलीच ती मागून.”

“कोणाच्या गाडीला वळसा?”

“आमच्याच. ही काय समोर उभी.”

दारातच पांढरी गाडी होती. बंपरला दसऱ्याचा वाळलेला हार, काचेवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ.

“गिऱ्हाइकासाठी जागा हवी म्हणतात, आणि तिथे तुमचीच गाडी?”

“गाडी कसली, बेन! बॅटरी कधीच गेली. जागा धरायला ठेवलीय. काढली की टोपलीवाले येऊन बसतील. मग त्यांना उठवणार कोण? तू?”

मी बाहेर येऊन ती ओळ नीट बघितली. एका गाडीवर कव्हर, दुसरीच्या टपावर रिकामे क्रेट, मधे हवा गेलेल्या दोन स्कूटर. गिऱ्हाइकाची म्हणावी अशी एखादीच. मला आधी हसू आलं, मग रागच आला. फेरीवाला नको म्हणून या माणसाने दारात गाडी उभी केली होती आणि तिच्यापायी बायको रस्त्यातून चालत होती. आणि मी यांना पार्किंगची जागा दाखवत बसले होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मी नवं ड्रॉइंग केलं. रस्त्याच्या कडेला झाडं, कुंड्या आणि बाकांची पट्टी, आतल्या बाजूला फक्त चालायची पट्टी. गल्लीच्या तोंडाशी आधीपासून बसणाऱ्या भाजीवाल्यांना तिथेच आखून दिलेली जागा.

आमचे बॉस सावंत सर बघून म्हणाले, “अगं, ड्रॉइंगमध्ये फेरीवाले दाखवलेस तर दुकानदार मीटिंगमधून उठून जातील.”

“सर, त्यांना ते चोवीस तास दिसतायत. कुठे बसणार ते तरी कागदावर दाखवू.”

दुसऱ्या मीटिंगला जयेशभाई बराच वेळ ड्रॉइंगवर वाकून बसले. “आणि माझ्या दारात बसला कोणी तर?”

“आधी ट्रायल घेऊ. पक्कं बांधकाम नाही, नुसता रंग, ट्रॅफिकवाले ठेवतात तसले प्लास्टिकचे कोन आणि कुंड्या. चालायच्या पट्टीवर कोणी धंदा लावला तर ट्रायल बंद, तुमची गाडी परत आणा.”

ट्रायल फसली की काम गेलंच.

गल्ल्यावरून आवाज आला, “हो म्हणून टाका. माझा एक हात अजून शाबूत आहे.”

जयेशभाईंनी सही केली.

गाडी ढकलतच न्यावी लागली. रंग लागला, कुंड्या आल्या. पहिले काही दिवस शांततेत गेले. मग एका सकाळी शेजारचे चप्पलवाले नाईक यांचा फोन आला. “मॅडम, फुटपाथवर धंदा लागलाय. मोठ्ठा. लगेच या.”

रिक्षातून उतरले तेव्हा लांबूनच दिसलं. चालायच्या पट्टीवर प्लास्टिकचे टब, बादल्या, झाऱ्यांचा ढीग आणि वर ‘सेल’ची पाटी. मागे स्टुलावर खुद्द जयेशभाई.

“हे काय?”

“जागा मोकळी होती ना, मॅडम. थोडंसंच ठेवलंय. लोक थांबून बघतात, एकदम झकास!”

“आणि फेरीवाला बसला असता तर?”

“तो वेगळा. हे आपलं दुकान आहे.”

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. नाईक दारात हाताची घडी घालून मजा बघत होते. जयेशभाईंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग हळूच म्हणाले, “ट्रायल बंद नाही ना करणार? राहू दे ना.”

मी उत्तर द्यायच्या आत हंसाबेन देवळातून आल्या. फुटपाथवरूनच, सावकाश. टबांपाशी येऊन थांबल्या. पुढे जायचं तर पुन्हा रस्त्यावर उतरायला हवं होतं.

“इकडून ये ना, दोन पावलं तर आहेत,” जयेशभाई म्हणाले.

“मी खाली उतरणार नाही.”

त्यांच्यामागे दोन-चार माणसं साचली. कोणीतरी “अरे, काय झालं?” ओरडलं. हंसाबेन प्लास्टरचा हात छातीशी धरून तशाच उभ्या. शेवटी जयेशभाई उठले आणि एकेक टब उचलून आत नेऊ लागले.

ट्रायल टिकली, पुढे फुटपाथ पक्का झाला. ती गाडी भंगारात गेली. मी आता तिथल्यासारखीच प्रत्येक बाजाररस्त्यावर दुकानाच्या पायरीलगत हातभर पट्टी दुकानदाराच्या मालासाठी सोडते. तो बाहेर येणारच, मग आपणच जागा ठरवलेली बरी.

अधूनमधून मी तिकडे जाते. टब पायरीलगतच्या पट्टीत असतात. एखादा पुढे सरकलेला दिसला की हंसाबेन पायानेच तो मागे ढकलतात. रेघा कितीही नीट आखा, खाली उतरणार नाही म्हणणारं एक माणूस रस्त्यावर लागतंच.