पुरणयंत्रातून निघालेली साठं

मी मूळची गडहिंग्लजकडची. लग्न होऊन घाटाखाली इब्रामपुरात आले तेव्हा मला पुरण येत होतं, भाकरी येत होती, भांडण तर फारच छान येत होतं. फणसाची साठं तेवढी येत नव्हती. रसाळ फणसाचे गरे कुस्करून त्यांचा रस सुपावर पसरायचा, उन्हात वाळवायचा, आणि सुपावरून जी लवचीक पोळी सुटते ते साठ.

सासूबाई दर मे महिन्यात साठं करायच्या आणि आमोण्याला आपल्या थोरल्या भावाकडे घेऊन जायच्या. दोन वर्षांपूर्वी नेमकं त्याच सुमाराला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ऊन, धूळ वर्ज्य सांगितलं. मी म्हटलं, "मी करते की."

काळ्या चष्म्याआडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुका जमाचां नाय गो. घाटावर भाकरी करतत, साठां नाय. यंदा भावाक बिस्किटां नेऊया."

बिस्किटं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमोण्याला जातील तर माझीच साठं, असं मी ठरवून टाकलं.

आणि पहिल्याच फणसाचं वाटोळं केलं. सुपाला तेल लावतात हे माहीत होतं, कुठलं ते विचारलं नाही. माहेरी तेल म्हणजे शेंगतेल. आईनं दिलेल्या डब्यातलं तेच चोपडलं. वर लवकर उरकावं म्हणून रस बोटभर जाड ओतला. तिसऱ्या दिवशी वरून साय धरलेली, खाली आंबट चिकचिक, आणि सगळ्याला शेंगतेलाचा दर्प. ओसरीवरून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "गोरवांक घाल." म्हशीनं चाटूनपुसून खाल्लं. माझी कदर करणारी ती पहिली.

विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. पण मी विचारीन तर ना!

झाडावर रसाळ असा एकच फणस उरला होता. या वेळी खोबरेल लावलं. रस पापडाइतका पातळ पसरला, तो सुकला की मगच दुसरा थर. राहिले गऱ्यांचे रेशे. सासूबाई रस हातानंच पिळायच्या, त्यामुळे त्यांच्या साठांत रेशे यायचेच. मी माळ्यावरून लग्नातलं पुरणयंत्र काढलं. दोन मुठी गरे घातले की यंत्र तुंबायचं, जाळीवरचा चोथा खरवडायचा, परत फिरवायचं. दंड भरून आले.

"फणसाची पुरणपोळी लाटतलंस काय गो?" सासूबाईंनी विचारलं. मी यंत्र फिरवतच राहिले.

पाचव्या दिवशी सुरीनं कड मोकळी केली आणि साठ अलगद सुटलं. उजेडाकडे धरलं तर पलीकडे माझी बोटं दिसली. भर अंगणात मी एकटीच ओरडले, "जमलं!" सासूबाईंनी हात लावून बघितलं, वास घेतला आणि डबा पुढे केला.

आमोण्याला सासूबाईंच्या भावानं तुकडा तोंडात टाकला आणि ते डोळे मिटून चघळत बसले.

"गो," ते बहिणीला म्हणाले, "इतकी वर्सां तुझी साठां खातंय. रेशे कवळेत अडकत, पण तुका सांगतलो कोण? आज मात्र तोंडात विरघळली. आत्ता जमलां बघ तुका."

सासूबाईंनी नुसतं "हं" म्हटलं असतं तरी भागलं असतं, मी काही बोलणार नव्हते. खरं सांगते, मनातल्या मनात मी त्यांच्यावर आधीच चिडूनही घेतलं होतं.

त्यांनी काळा चष्मा काढला, पदरानं पुसला. "माझी नाय ती," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माझ्या सुनेन केल्यान."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला इतका आनंद झाला की मीच डब्यातला एक तुकडा उचलून खाल्ला. खरंच झकास झालं होतं.

परतताना नवरा गाडी चालवत होता, आम्ही दोघी मागे. धारगळ मागे पडेपर्यंत त्या बाहेर बघत होत्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तां तुझां यंत्र माका फिरवूक शिकय."

मी अख्खा फणस घालवला, पण त्यांना विचारलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं.