सेनापतीची खुर्ची

माझ्या नवऱ्याला जुन्या वस्तूंतलं ओ की ठो कळत नाही, पण हे त्याला सांगणार कोण? आम्ही जपानात राहतो; कॉन्फरन्ससाठी म्हणून सेंदाई शहरात गेला आणि तोयोसुच्या आमच्या घरी एक खुर्ची पाठवून मोकळा झाला. काळी, लाकडी, टेकण्याच्या फळीवर निळ्या कोटातला, पांढऱ्या केसांचा सेनापती रंगवलेला. "अर्ली अमेरिकन आहे. फळांची चित्रं असलेल्या खुर्च्या तिकडे ढिगानं मिळतात. स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती असलेली एकदम रेअर," असं तो आल्यागेल्याला ऐकवायचा. दुकानदाराचंच भाषण, पाठ केलेलं.

त्या उन्हाळ्यात सासूबाई पुण्याहून आल्या. गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवर बसता येत नाही, आणि आमचा सोफा इतका खोल की उठवायला दोन माणसं लागतात. उरली ती खुर्ची. तिच्यावर त्या बसायच्या, पण काठीसारख्या ताठ.

"आई, टेका ना जरा," मी म्हणायचे.

"थोर माणसाच्या तोंडाला पाठ लावू? आपला असो नाहीतर त्यांचा." सगळा जन्म मुख्याध्यापिका म्हणून गेलेला.

रोज मी त्यांच्या कमरेला तेल चोळायचे आणि मनातल्या मनात त्या सेनापतीला शिव्या घालायचे. दुसरी खुर्ची आण म्हटलं, तर नवरा म्हणाला, "अगं, रूमचा लुक जाईल." आईची कंबर गेली तरी चालेल.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी आम्ही दोघं बाहेर आलो, तर सासूबाई खुर्चीपुढे ओलं फडकं घेऊन उभ्या. शाळेत या दिवशी पुढाऱ्यांच्या तसबिरी त्या स्वतः पुसून हार घालायच्या. इथेही सुपरमार्केटातल्या शेवंतीचा हार तयार होता, कुंकवाची डबी होती. फक्त सेनापती नव्हता. साबणाच्या पाण्यानं त्याचा कोट, केस, नाक, सगळं फडक्यात उतरलं होतं.

"माझ्या हातून गेले रे ते," सासूबाई रडकुंडीला आल्या होत्या.

नवरा वाकून बघत राहिला. खाली जुन्या, फिकट सोनेरी रंगात द्राक्षांनी भरलेली परडी होती. खुर्ची ढिगातलीच, गिऱ्हाईक भुलावं म्हणून सेनापती कुणीतरी मागाहून बसवलेला. मला हसू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

सासूबाईंनी चष्मा लावून परडी नीट पाहिली.

"द्राक्षंच आहेत ना नक्की?"

"हो आई."

त्या बसल्या, सावकाश मागे रेलल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "आता चहा टाक गं."