शेवटचा फर्मा

बाइंडरकाकांनी चाळीस वर्षांत वाचनालयाच्या हजारो कादंबऱ्या शिवल्या, पण वाचली एकही नाही. त्यातली माणसं तीनशे पानं सुखामागे धावतात आणि ते सापडलं की लेखक नेमका तिथेच थांबतो, असं त्यांनी ऐकलं होतं. मग पुढचं का लिहीत नाही? नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

काकू मात्र घरी आलेल्या पुस्तकांचा फडशा पाडायच्या. हल्ली एक कादंबरी वाचताना त्या मधूनच दाराकडे बघत बसत.

"एवढं काय आहे त्यात?" काकांनी विचारलं.

"एक बाई आहे. सगळं असून सुखी नाही. घर सोडीन म्हणतेय."

काकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ही बाई जाणार, सुखी होणार आणि आमच्या घरात भलतंच खूळ शिरणार! दुसऱ्या दिवशी शिवण सैल झाल्याचं सांगून त्यांनी पुस्तक दुकानात नेलं. शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानं, उसवून खणात टाकला आणि पुस्तक असं बेमालूम शिवलं की कुणाच्या बापाला कळू नये.

चार दिवसांनी काकूंनी पुस्तक मिटलं.

"संपली. बाई गेली निघून," त्या म्हणाल्या. "बरं केलं."

सकाळी माळ्यावरची बॅग खाली आली. "बहिणीकडे जाते."

"कधी येशील?"

"बघू."

काकू तारीख सांगितल्याशिवाय कधी कुठे गेल्या नव्हत्या. काका घाबरले. तडक दुकानात गेले आणि खणातली पानं त्यांनी उभ्याउभ्याच वाचली. बाई आठवड्याने परत आली होती. नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा तिला विचारलं होतं, 'तुला काय हवं होतं?' दोघं पायरीवर बसले होते. सुखाचा उल्लेखही नव्हता.

काका धापा टाकत घरी पोचले. काकू चपला घालत होत्या.

"हे मीच काढलं होतं. तू जाशील म्हणून."

काकूंनी सोळाही पानं वाचली, सावकाश. मग मान वर केली.

"नुसती पानंच आणलीत?"

असं काही विचारायची काकांना सवयच नव्हती.

"तुला... काय हवं होतं गं?"

काकूंनी चपला काढल्या नाहीत. बॅगेवरचा हातही काढला नाही.

"बसा," त्या म्हणाल्या. "सांगायला वेळ लागेल."