गुळाचं पाणी

गुळाचं पाणी फवारायला सयाजीनं नेमका कीड मारायच्या औषधाचा पंप उचलला. बॅटरीचा होता, बटण दाबलं की काम. गुळाचा पंप हातानं हापसायचा. आणि शहरात सात रस्त्याच्या चौकात मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या, चार दिवस मावशीच्या मदतीला आलेल्या दंडांना ती सवय कुठली? गुळाच्या पंपाला दगडाबाई मावशीनं लाल चिंधी बांधली होती. सयाजीला वाटलं, मावशीची हौस असेल.

माढ्याजवळच्या त्या रानात बियाण्याचा कांदा फुलला होता. पांढऱ्या गोंड्यांवर मधमाशी फिरली तरच बी भरणार, नाहीतर वर्षाची मेहनत पोकळ. म्हणून मावशी गुळाचं पाणी शिंपडून माशांना आवतण द्यायची. ‘पावणे’ म्हणायची त्यांना. जावयालाही तिनं एवढा मान कधी दिला नव्हता.

दुपारी पावणे गोंड्यांखाली पाय वर करून पडलेले. मावशीनं एक तळहातावर घेऊन फुंकर मारून पाहिली. सयाजी शिव्यांची वाट बघत उभा राहिला. त्या आल्या नाहीत, तेव्हा मात्र तो घाबरला.

“मावशी, माझ्यामुळं सगळ्या मेल्या की.”

“सगळ्या हुत्याच कुटं? तू उरलेल्या मारल्यास.”

बांधावरच्या बाभळी रस्त्यात गेल्या. भोवतीची करडई जाऊन ऊसच ऊस झाला, त्यात माशीनं खायचं काय? माघातच चैत्राचं ऊन, गोंडा न्याहारीच्या आत सुकतो. वर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फवारे.

“एकेक आलं असतं तर सोसलं असतं बिचाऱ्यांनी,” मावशी म्हणाली. “समदं एकदम आलं. तुजी बायको दोन पावणे एकदम आले तर डोकं धरून बसती की.”

सयाजी हसला, पण ते हसू त्याचं त्यालाच मोठ्यानं ऐकू आलं, एवढं रान गप्प होतं. पूर्वी फुलोऱ्यात इथं फोनवर बोलायचं तर विहिरीपलीकडं जावं लागे, असा माशांचा घुमारा असायचा. आता लांबच्या पाणंदीतून जाणाऱ्याची चप्पल वाजत होती.

दुसऱ्या दिवशी मावशी चहाचा कप घेऊन बांधावर बसली. ऊन चढलं, चहावर साय धरली. गोंड्यांवर कुणी उतरलं नाही. कडेचे गोंडे पिवळे पडू लागले होते.

मावशी उठली. पदराला हात पुसून एका गोंड्यावरून तळवा अलगद फिरवला, मग पराग लागलेला तोच तळवा शेजारच्यावर. सयाजीही मागून तसंच करू लागला. ओळ संपता संपेना. खिशात दुकानाचा फोन वाजून वाजून थांबला.

“मावशी, पुढल्या साली काय करायचं?”

मावशीनं तळवा पुढल्या गोंड्यावर नेला.

“आता माशी तूच.”